डोक्याकडचा मोजतो

९ जानेवारी, शुक्रवार

मीच चुकले. दुसरं कुणी नाही, मीच!

दुसरा मजला, निवृत्त मास्तर, छातीत दुखतंय म्हणून फोन. आत जाऊन त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले. मी डोक्याकडे, पैलवान पायाकडे. आमच्या अॅम्ब्युलन्सवर नियम एकच – डोक्याकडचा मोजतो. एक, दोन, तीन, उचल. ‘तीन’वर उचलायचं नाही, ‘उचल’वर उचलायचं. चौदा वर्षं आम्ही दोघं असंच करत आलोय. त्याला पैलवान म्हणतात ते उगीच नाही, एका हाताने ऑक्सिजनची टाकी उचलणारा माणूस.

आणि नेमकी तेव्हाच हल्ली येते ती आगीची लाट आली. छातीतून निघाली ती मानेवरून थेट कानात. डोळ्यांत घाम, काही दिसेना. मी मोजलं, उचललं – आणि पायाकडची बाजू वर आलीच नाही. स्ट्रेचर कलंडून चौकटीवर आपटलं. मध्ये मास्तरांचा हात. मनगटाच्या हाडाला चीर.

छातीचं काही गंभीर निघालं नाही. हात मात्र आम्ही मोडला.

खाली गाडीत पैलवान हळूच म्हणाला, “ताई, दोनवरच ‘उचल’ म्हणालीस का गं?”

मला आठवेना. आठवायला गेलं की फक्त घाम आठवतो. म्हटलं, असेल. माझीच चूक. तो म्हणाला, “होतं गं. झोप नसेल झाली.” अहवालात त्याने लिहिलं, दारापाशी फरशी ओली होती. माझ्यासाठी खोटं लिहिलं त्याने. हे उपकार कसे फेडू?

११ जानेवारी, रविवार

झोप नाही. तीनदा गाऊन बदलला. नवरा म्हणतो, खिडकी उघडू का? म्हटलं, भिंतच पाड.

१३ जानेवारी, मंगळवार

अॅम्ब्युलन्सच्या स्टेशनवर फळ्याला कागद. पन्नाशी पार केलेल्यांची वजन उचलण्याची परीक्षा आता दर वर्षी. बाकीच्यांची दोन वर्षांतून एकदा. पन्नाशी पार केलेली आमच्यात कोण? मी एकटी. गेल्याच महिन्यात पार केली, लगेच कागद हजर.

पंचाहत्तर किलोचा पुतळा, तीन मजले खाली, मध्ये फक्त जिन्याच्या वळणावर टेकवायचा. तारीख २७ मार्च. साहेब म्हणाले, “टेन्शन घेऊ नका. नाहीच जमलं तर टेबल आहेच.”

टेबल म्हणजे आतल्या खोलीत फोन घ्यायचे आणि गाड्या पाठवायच्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी माणसाचा हात हातात धरून बसणारी बाई. “काही नाही होत, पोचलोच आपण” – हे वाक्य फोनवरून सांगायचं नसतं, हात धरून सांगायचं असतं. ते काम काढून घेतलं तर माझ्यात उरतं काय?

पैलवान म्हणाला, “टेबल काय वाईट आहे ताई? मानाचं काम. पंख्याखाली बसायचं.” काळजीनेच म्हणाला. पण लागलं.

मास्तरांना भेटून यायला हवं. हिंमत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे गेले. पाळी अडीच महिने नाही, झोप नाही, नावं विसरते, चिडचिड, सांधे सकाळी कुरकुरतात – सगळं ओकून टाकलं. एक मात्र सांगितलं नाही. मोजण्याचं.

त्या म्हणाल्या, पाळी जाण्याच्या आधीची ही वर्षं अशीच खडबडीत असतात. वेड लागलेलं नाही. औषधाचं पुढच्या वेळी तपासण्या बघून ठरवू. आधी व्यायाम. मला हसूच आलं! म्हटलं, अहो, रोज वीस-पंचवीस जिने चढते, माणसं उचलते, आणखी कसला व्यायाम? त्यांनी चिठ्ठी लिहिली. हॉस्पिटलच्या तळघरात व्यायाम शिकवणारी बसते.

२२ जानेवारी, गुरुवार

तळघरातली पोर आहे लेकीच्या वयाची. मला काकू म्हणते. पहिल्याच मिनिटाला म्हणाली, “काकू, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू. दहा वेळा.” सातला मांड्या थरथरायला लागल्या. सात! मी, जिला आख्खं स्टेशन घोडा म्हणतं!

ती म्हणाली, “कामात शरीर झिजतं काकू, वाढत नाही. तुम्ही रोज तेच वजन, तेही घाईत, कंबरेतून उचलता. या वयात स्नायू आपणहून कमी होतात, हाडं विरळ होतात. त्यांना सांगावं लागतं, अजून तुमची गरज आहे म्हणून. थोडं वजन, मग थोडं जास्त. मध्ये एक दिवस आराम.”

विचारलं, घाम थांबेल? म्हणाली, “ते मी सांगणार नाही. कुणाचा कमी होतो, कुणाचा नाही. ताकद येईल, हाडांना आधार मिळेल, आणि बहुतेक झोप सुधारेल.” खोटं बोलली नाही म्हणून पोर आवडली.

आणि डोकं? विसरणं? ती म्हणाली, झोप आली की तेही बरंचसं सावरतं. बरंचसं. मला बरंचसं नको. मला एक, दोन, तीन, उचल हवंय, दर वेळी.

२५ जानेवारी, रविवार

घरात वजन कुठून आणायचं? नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. जुन्या मशिनींचे वरचे लोखंडी भाग माळ्यावर धूळ खात पडलेत. त्याने एक उतरवला, पट्टा बांधून मूठ केली. बारा किलो. म्हणाला, “लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी एक बटण लावलं नाहीस. आज मशीनच उचललीस!”

आई खुर्चीतून बघत होती. तिचं खुब्याचं हाड त्रेसष्टाव्या वर्षी मोडलं. बाथरूममधल्या स्टुलावरून घसरली, एवढंच निमित्त. तेव्हापासून वॉकर. म्हणाली, “आमच्या वेळी असली थेरं नव्हती.”

मी तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं आणि आणखी पाच वेळा उठले-बसले.

३० जानेवारी, शुक्रवार

मोठ्याने मोजते. प्रत्येक वेळी. एक, दोन, तीन, उचल. नवऱ्याला सांगितलं, एक जरी गाळला तरी ओरड. तो विचारतो, का? म्हटलं, परीक्षेसाठी. त्याच्याशीसुद्धा खरं बोलत नाही मी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कंबर धरली! सकाळी चपलेत पाय घालताना कळ आली, तिथेच भिंत धरून उभी.

कुणाचा दोष? माझाच. पोरीने सांगितलं होतं, महिनाभर एकच मशीन. मी चौथ्या दिवसापासून दोन लावल्या होत्या. आराम? तो कशाला! अति घाई, संकटात नेई – गाडीच्या मागे मीच लिहून घेतलेली पाटी.

पाच दिवस रजा. साहेबांच्या आवाजात ‘बघा, म्हटलं नव्हतं’ असा सूर. सात आठवडे उरले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तळघरातल्या पोरीने फोनवर झाडलं. “काकू, पेशंट ओरडत असला तरी तुम्ही जिन्यावरून उड्या मारत उतरता का?”

नाही.

“मग?”

पडून राहू नका म्हणाली. घरातल्या घरात हळूहळू चाला.

९ फेब्रुवारी, सोमवार

पैलवान बघायला आला होता. बिस्किटांचा पुडा घेऊन. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसला. म्हणाला, “ताई, जिवापेक्षा नोकरी मोठी नाही. मी साहेबांशी बोलू का? सन्मानाने टेबल मिळेल. परीक्षेत सगळ्यांसमोर पडलीस तर बरं दिसेल का?”

मी विचारलं, “तुला वाटतं मी पडेन?”

तो खाली बघत म्हणाला, “मला वाटतं, तू थकलीस.”

तो गेल्यावर रडले. खूप दिवसांनी. चौदा वर्षं ज्याच्याबरोबर ओझं वाहिलं त्यालाही माझं ओझं झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा एक मशीन. फक्त एक. एक दिवस आड. मधल्या दिवशी अर्धा तास भराभर चालणं, घामेजेपर्यंत. नाहीतरी घाम फुकट येतोच, थोडा कमवलेला!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

साडेतीन महिन्यांनी पाळी आली, ती नेमकी ड्युटीवर. आली ती अशी, की दुष्काळात तेरावा महिना! गाडीवरचा निळा ड्रेस खराब. हॉस्पिटलच्या मावशींनी त्यांचा जादा गाऊन दिला, काही न विचारता. त्या गाऊनवरच उरलेली ड्युटी काढली. पैलवान दिवसभर गाडीच्या आरशात बघायचं टाळत होता. बिचारा.

सव्वा महिना उरला आणि अंगातलं रक्त असं चाललंय. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, लोह दिलं, सोनोग्राफी लिहून दिली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सोनोग्राफीत काळजीचं काही नाही.

रात्री सलग सहा तास झोपले. सहा! सकाळी आधी वाटलं, घड्याळ बंद पडलंय.

१ मार्च, रविवार

उठाबशा चालल्या होत्या. आई अचानक म्हणाली, “मलाही व्हायचं.”

काय?

“हेच. आग. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसायचे. तुझे बाबा म्हणायचे, ही इतका वेळ काय करते? मला वाटायचं, मला वेड लागतंय. कुणाला सांगायचं? मग मी बाहेर जाणंच सोडलं. बसून राहिले. बसले ती बसलेच.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाईने वीस वर्षं हे पोटात ठेवलं. आणि मी तिला आळशी समजत आले! हे लिहितानाही लाज वाटते.

वॉकर पुढ्यात ठेवला, मी मागे उभी राहिले. म्हटलं, उठ. हात टेकव हवं तर. मी मोजते. तीनदा उठली. चौथ्यांदा म्हणाली, “पुरे गं, तुझी परीक्षा आहे की माझी?”

८ मार्च, रविवार

गेल्या आठवड्यात नवऱ्याला खडू दिला होता. म्हटलं, मी मोजेन, प्रत्येक बरोबर मोजणीला रेघ मार. आठवडाभराचं मिळून तीनशे. मधे दोनदा लाट आली, तीही भर वजन हातात असताना. कान पेटले, डोळ्यांत घाम, तरी मोजतच राहिले.

तीनशे रेघा. एकही चूक नाही.

आनंद व्हायला हवा होता. उलट रेघा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तीनशे वेळा जीभ घसरली नाही, मग त्याच दिवशी, त्याच म्हाताऱ्याच्या वेळी कशी घसरली? म्हणजे पुन्हाही घसरेल. कधीही. न सांगता.

नवऱ्याने खडू खाली ठेवून विचारलं, “आता सांगतेस का, काय झालंय?” सांगितलं. सगळं. त्याने भिंतीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “मशीन टाका सोडते तेव्हा मी फक्त सुई बघत नाही. खालची बाजूही उघडतो.” त्याला प्रत्येक गोष्टीत मशीन दिसते.

१४ मार्च, शनिवार

दोन मशिनी. एका वेळी. पोरीच्या परवानगीने! गुडघ्यातून खाली, मांड्यांतून वर, कंबर गप्प. बारा वेळा. आरशात दंड बघितला आणि एकटीच हसले.

२० मार्च, शुक्रवार

तिसऱ्या मजल्यावरून जाड गृहस्थ आणले. मी डोक्याकडे. हल्ली पैलवान दर वेळी पायाकडची बाजू घेतो. डोक्याकडे वजन जास्त, पूर्वी ती बाजू तोच मागून घ्यायचा. म्हणतो, “तुझी प्रॅक्टिस होऊ दे ताई.” चांगलंच आहे. वळणावळणावर टेकवा म्हणाला मात्र, दम त्यालाच जास्त लागला होता. मला म्हणाला, “दमलीस ना?”

नव्हते दमले.

२५ मार्च, बुधवार

परीक्षेत माझा जोडीदार पैलवान. परवा. आज म्हणतो, रजा टाकलीय. मेव्हण्याच्या घरी काम निघालं.

चौदा वर्षं! आणि याच दिवशी? म्हटलं, माझ्याबरोबर पडताना दिसायचं नाही, असं सांग ना सरळ. तो म्हणाला, “तसं नाही गं ताई.” बाटलीचं झाकण उघडत राहिला, उघडेना, तशीच ठेवून दिली.

साहेबांनी दुसऱ्या गाडीवरची मुलगी दिली, अठ्ठावीस वर्षांची. तिच्याबरोबर मी एक कापसाची गादीही उचललेली नाही.

२७ मार्च, शुक्रवार

झालं.

पहिला मजला उतरेपर्यंत ठीक. खरं तर ठीक काय, छान. त्या मुलीला म्हटलं होतं, माझा आवाज ऐक, दुसरं काही ऐकू नकोस. दुसऱ्या वळणावर लाट आली. येणारच होती, निमंत्रण दिल्यासारखी. साहेब वहीत लिहीत होते, चारजण कठड्याला टेकून बघत होते. घाम डोळ्यांत. पुतळा टेकवलेला. आता पुन्हा उचलायचा.

जीभ कोरडी. त्या क्षणी मला खरंच कळेना, मी काय म्हणणार आहे. मग मांड्यांनी आठवण करून दिली. खाली बसले, टाचा रोवल्या, आणि तोंडातून आपोआप आलं – एक. दोन. तीन. उचल.

पायाकडची बाजू वर आली. दोन्ही बाजू एकदम. किती हलकं असतं ते!

खाली पुतळा ठेवल्यावर ती मुलगी म्हणाली, “काकू, तुम्ही मोजता ना, तेव्हा भीतीच वाटत नाही.” साहेबांनी सही केली. टेबल राहिलं टेबलापाशी.

घरी आईने उठून दाखवलं. हात न टेकता. एकदाच, पण न टेकता.

२ एप्रिल, गुरुवार

आता टाळायला निमित्त उरलं नव्हतं. मास्तरांकडे गेले. मनगटाचं प्लास्टर निघालंय, मूठ अजून पुरती मिटत नाही. रबराचा चेंडू दाबत बसले होते. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या म्हटलं, “फरशी ओली नव्हती. मी मोजायला चुकले. दोननंतरच ‘उचल’ म्हटलं. तुमची माफी मागायला आलेय.”

त्यांनी चेंडू थांबवला. “कोण म्हणतं?”

मी.

“चूक,” म्हणाले, वर्गात म्हणावं तसं. “अहो, मी शाळेत कवायत शिकवायचो. छत्तीस वर्षं. कुणी मोजायला लागलं की मी मनात मोजतोच, छातीत दुखत असलं तरी. एक, दोन, तीन, उचल. चारही आले, आणि सारख्या अंतराने. मला बरं वाटलं होतं ते ऐकून.”

मी विचारलं, मग?

“मग तुमचा तो गडी. मी पाठीवर, माझं तोंड त्याच्याकडे. त्याने उचललं होतं हो. उजवा हात उघडला. आपोआप. दांडा सुटला.” त्यांनी स्वतःची अर्धवट मिटलेली मूठ पुढे केली. “हे असं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

नंतर त्यांच्या मुलीने पाणी दिलं. मी ग्लास धरून बसले. ग्लास दोन्ही हातांनी धरलाय, हे माझं मलाच दिसलं, आणि एकेक आठवायला लागलं. चहा. झाकण. पायाकडची हलकी बाजू. रजा.

तीन महिने! तीन महिने मी माझ्या डोक्यावर पहारा ठेवला. भिंतीवर रेघा मारून घेतल्या. आणि त्याला माहीत होतं. पहिल्या दिवशी, गाडीत, “दोनवरच म्हणालीस का” विचारताना माहीत होतं. मला घाम आलेला त्याने बघितला आणि सगळं माझ्या घामावर ढकललं. मी लगेच मान्य केलं – हे त्याहून चीड आणणारं. माझ्या शरीराविरुद्ध कुणीही साक्ष द्यावी आणि मी पुरावाही मागू नये!

३ एप्रिल, शुक्रवार

साहेबांकडे जायचं? एक वाक्य पुरे. सत्तेचाळिशीचा माणूस, दोन मुलं शिकतायत, पैलवान हे नाव सोडून अंगावर दुसरा दागिना नाही. तोही घाबरलाच असणार. मी घाबरले होते, तसाच.

पण मी माझी चूक दुसऱ्या कुणावर ढकलली नाही. तेही खरं.

गाडीत दिवसभर बोलले नाही. त्याने दोनदा विचारलं, “ताई, बरं नाही का?”

६ एप्रिल, सोमवार

पहिलाच फोन. तिसरा मजला, पंचाहत्तरीची बाई, पाय मोडलेला. आम्ही तिला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले. मी डोक्याकडे, तो पायाकडे. त्याने दांडे धरले. या वेळी मी डोळे पुसले आणि आधी त्याच्या हातांकडे बघितलं. उजवा अंगठा दांड्यावर बसतच नव्हता. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून बसवला, आणि वर बघितलं. मी बघतेय, हे त्याला दिसलं.

बाईंनी माझी बाही घट्ट धरली होती.

“मोज ना, ताई,” तो म्हणाला. आवाज अगदी लहान.

मी मोजलं नाही.